त्यांच्या पश्चात तीन सोबती

आमच्या यवतमाळच्या जिल्हा कार्यालयात फोन वाजला आणि पलीकडून कोणी "मयतवाले साहेब हायेत का?" असे विचारले, तर तो कोणाकडे द्यायचा हे नव्या माणसालाही सांगावे लागत नसे. दैनिकाच्या जिल्हा पानावर रोज निधनवार्तांचा एक स्तंभ असे आणि तो एकाच माणसाकडे होता. मी तिथे उपसंपादक म्हणून रुजू झालो तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. उंच, किंचित वाकलेले, खांद्यावर बाराही महिने पांढरा दुपट्टा. उन्हाळ्यात तो ओला असे, एवढाच फरक.

शब्दांच्या बाबतीत ते कडक होते. 'दुःखद निधन' त्यांच्या हातून कधी छापून गेले नाही. 'अल्पशा आजाराने' हेही नाही. "आजार अल्प असता त मानूस मेला असता काय?" असे ते तालुक्याच्या वार्ताहराला विचारत आणि उत्तराची वाट न पाहता नातेवाइकांच्या नावांकडे वळत. 'देवाज्ञा झाली', 'स्वर्गवासी झाले' या सगळ्यांवर काट बसे. "कुठं गेला थे आपल्याले मालूम नाही. गेला येवढं मालूम हाय. तेवढंच लिहा."

त्यांचा दुसरा नियम असा, की दोन वेगवेगळ्या माणसांनी सांगितल्याशिवाय कोणी मरत नाही. एक घरचा आणि एक बाहेरचा. बाहेरचा म्हणजे पोलीस पाटील, शेजारी, किराणा दुकानदार, कोणीही. वणीहून एकदा एका तरुणाने आजोबांच्या निधनाची बातमी कळवली. तो कोळसा खाणीत कामाला होता आणि रजेच्या अर्जाला पेपरातले कात्रण जोडायचे होते, हे नंतर कळले. साहेबांनी प्रथेप्रमाणे दुसरा नंबर मागितला. पोराने घाईत घरचाच दिला. फोन उचलणाऱ्याला साहेबांनी आजोबांबद्दल विचारले.

"मीच बोलून राह्यलो," आजोबा म्हणाले. "काय काम होतं?"

"काही नाही. तब्येत कशी हाय?"

"गुडघे दुखते."

"सांभाळा," असे म्हणून साहेबांनी फोन ठेवला आणि पुढची बातमी घेतली. हा किस्सा त्यांनी स्वतः कधी सांगितला नाही. पलीकडच्या खुर्चीवर बसणाऱ्या वैशालीताई सांगत. त्या पान लावत, म्हणजे बातम्या कॉम्प्युटरवर पानात बसवत. मयतवाल्या साहेबांच्या फोल्डरमधली बातमी पुन्हा तपासायची नसते, हे नव्या माणसाला त्याच शिकवत.

जिल्ह्यात दुपारी मरणाचे फोन येत नाहीत. सकाळी माणसे अंत्यविधीच्या धावपळीत असतात. विधी आटोपून, आंघोळी करून घरी टेकली, की चारनंतर कोणाला तरी पेपरात द्यायचे सुचते. त्यामुळे जेवण झाल्यापासून चार वाजेपर्यंत साहेब मोकळे असत. त्या वेळात ते कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर खेळत.

खेळ आधीच्या ऑपरेटरने टाकलेला होता. तो नोकरी सोडून पुण्याला गेला आणि खेळ तिथेच राहिला. साहेबांनी तो कशासाठी उघडला हे कोणी पाहिलेले नाही. मी आलो तोवर ते त्यात मुरले होते.

खेळ असा होता. जमिनीखाली एक बुजलेले शहर आहे. त्याच्या तळाशी एक भट्टी आहे, ती कोणी तरी पुन्हा पेटवली आहे आणि तिच्या धुराने वरची गावे ओस पडत आहेत. चार जणांनी खाली उतरायचे आणि भट्टी विझवायची. एक ढाल धरणारा, एक औषधपाणी करणारा, एक कुलपे उघडणारा आणि एक कंदील धरणारा. कंदिलाचे तेल संपत जाते. उजेड कमी झाला की चौघे आधी घाबरतात, मग एकमेकांचे ऐकेनासे होतात, मग चुका करतात. खाली जे काही राहते ते या चुकांची वाट पाहत असते. खेळ प्रत्येक पाऊल स्वतःच नोंदवतो, मागे जाता येत नाही. मेलेला परत येत नाही. त्याच्या नावाशेजारी एक लहानसा दगड दिसतो आणि तो कायम राहतो.

मी एकदा खेळून पाहिला. पहिल्याच जिन्यावर चौघेही गेले. साहेब मागे उभे होते.

"नावं ठेवली होती काय त्याईची?"

"नाही."

"म्हनूनच."

ते ठेवत. खेळाने दिलेली इंग्रजी नावे पुसून आपली घालत. पडद्यावर मराठी अक्षरे उमटत नसत म्हणून इंग्रजी अक्षरांत, पण नाव, आडनाव आणि गावासकट. स्तंभ सांभाळून इतकी वर्षे झाल्यावर त्यांच्या डोक्यात जिल्ह्यातली नावे गच्च भरलेली होती. कोणा खऱ्या माणसाला लागू नये म्हणून ते नाव एका गावचे, आडनाव दुसऱ्या गावचे आणि गाव तिसरेच घेत. ही काळजी पुढे कशी निरुपयोगी ठरली ते येईलच.

त्यांच्या माणसांपैकी कोणी मेले, की ते कॉम्प्युटर बंद करून उठत. मागच्या अंगणातल्या नळावर हातपाय धूत. अंगणात कडुलिंबाचे झाड होते. स्मशानातून आलेला माणूस जसा करतो तसा ते त्याचा पाला तोडून चावत आणि आत येत. तोंड कडू झालेले दिसले की वैशालीताई विचारत, "कोण गेलं?"

"किन्हीचा माधव."

"अरे देवा. ढाल कोण धरणार आता?"

"पाहू तेरवीनंतर."

तेराव्या दिवसाची तेरवी होईपर्यंत ते खेळाला हात लावत नसत. कोपऱ्यातला कॉम्प्युटर तेवढे दिवस झाकलेला राही. कार्यालयप्रमुख त्यांना चिडवत, "साहेब, तेरवीचं जेवण नाही का हो?" एकदा त्यांनी खरोखरच सगळ्यांसाठी आलूबोंडे मागवले. खाताना कोणी हसले नाही. पोटभर खाल्ले मात्र सगळ्यांनी. प्रमुखांनी शेवटचा आलूबोंडा हातात घेऊन विचारले, "मयताचं वय काय होतं?" साहेब म्हणाले, "तरणा होता."

त्या खेळातल्या माणसांच्याही निधनवार्ता ते लिहीत. बाकीच्या जशा, तशाच. चार ओळी, एकही विशेषण नाही. त्याच फोल्डरमध्ये, शेवटच्या कप्प्यात. हे कशासाठी, असे मी एकदा विचारले.

"पेपरातल्या मानसाची अन् माही ओळख तो मेल्यावर होते," ते म्हणाले. "तेबी घरचे सांगतीन तेवढीच. याईले त मी पाह्यलं हाय." मग घड्याळाकडे पाहिले. "चार वाजले," म्हणाले आणि फोनजवळ जाऊन बसले.

आता तो स्तंभ तसा राहिलेला नाही. साहेब निवृत्त झाले. लोक मजकूर स्वतःच लिहून मोबाइलवर पाठवतात. 'दुःखद' परत आले आहे.

ज्या दिवशी चूक झाली त्या दिवशी साहेब रजेवर होते. वणीला भाचीचे लग्न होते. संध्याकाळी पान लावताना निधनाच्या स्तंभात तळाला चार ओळींची जागा उरली. नागपूर कार्यालय पानासाठी घाई करत होते. वैशालीताईंनी साहेबांचे फोल्डर उघडले, खाली खाली गेल्या आणि चार ओळींची एक बातमी उचलली. ती अशी होती :

'बोरी अरब : शेवंताबाई वानखडे (वय ६०) यांचे निधन झाले. सोबतच्यांना बाहेर पडता यावे म्हणून त्या अखेरपर्यंत कंदील धरून मागे थांबल्या. त्यांच्या पश्चात तीन सोबती आहेत.'

खेळातली ही बाई गेली तेव्हा वैशालीताई रजेवर होत्या. त्यांनी वाचून लावली. "मला वाटलं लाइट गेली असेल," त्या नंतर म्हणाल्या. "बोरीकडे लाइट जातेच. आणि साहेबांचं फोल्डर." नागपुरातही कोणाला काही खटकले नाही.

सकाळी कार्यालय उघडायच्या आत फोन वाजत होता. मीच घेतला.

"साहेब, मी बोरीहून गजानन वानखडे बोलून राह्यलो. माही माय इथं अंगनात तूर निसत बसली हाय, अन् तुम्ही तिले मारून टाकलं?"

जिल्ह्यात कुठलेही नाव कुठल्याही आडनावाशी जोडा आणि कुठल्याही गावाशी, तसा माणूस सापडतोच. बोरी अरबला शेवंताबाई वानखडे होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. तोवर त्यांची फुलसावंगीची मुलगी पेपर पाहून रडत एसटीत बसली होती. ती दुपारी पोचली तेव्हा माय दारात उभी राहून तिला म्हणाली, "आलीच हायेस त चार दिवस राह्य." हे गजाननने नंतर सांगितले.

साहेबांनी वणीच्या बसस्थानकावर पेपर घेतला होता. घरी न जाता ते बॅग घेऊन सरळ कार्यालयात आले. वैशालीताई रडत होत्या. साहेब त्यांना एक शब्दही बोलले नाहीत. "फोल्डर माहं होतं," असे प्रमुखांना सांगितले आणि खुलासा लिहायला बसले. प्रमुखांनी त्यात 'अनवधानाने' असा शब्द घालायला सांगितला. साहेबांनी घातला नाही. "अनवधान कायचं? चूक हाय." खुलाशात लिहिले होते की निधनाचे वृत्त चुकीचे असून शेवंताबाई वानखडे यांची प्रकृती उत्तम आहे, चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. प्रकृतीबद्दल त्यांनी दोन ठिकाणी विचारले होते.

नागपूरहून निरोप आला, की घरच्यांची लेखी तक्रार आली तर स्तंभ त्यांच्याकडून काढून घ्यावा. कोपऱ्यातला कॉम्प्युटर साहेबांनी स्वतःच झाकला.

दोन दिवसांनी, दुपारी, गजानन आईला घेऊन आला. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. शरीर लहानसे, आवाज मात्र अंगणभर जाणारा. प्रमुखांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. "आजी, खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात."

"वाढलं त वाढलं," शेवंताबाई म्हणाल्या. "पन मले मारलं कोनं?"

साहेब उठून उभे राहिले. "मी, मावशी."

त्यांनी साहेबांना वरपासून खालपर्यंत पाहिले. "दिसाले त बरा हायेस. वय कमी लिवलं माहं, येवढं बरं केलं. बस."

गजाननला माफी हवी होती, तीही पहिल्या पानावर. तो प्रमुखांशी बोलत असताना शेवंताबाई साहेबांकडे वळल्या.

"पेपरात लिवलं होतं, कंदील धरून मांगं थांबली. कायचा कंदील?"

साहेबांनी सांगायला सुरुवात केली, मग थांबले आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरचे कापड काढले. शेवंताबाईंनी खुर्ची ओढून घेतली. बुजलेले शहर, भट्टी, धूर, कंदील, सगळे त्यांनी नीट ऐकले. ओढ्याच्या पाण्यासारखे काळे काही तरी मागून कसे आले आणि पळताना सगळ्यात मागे असलेल्यालाच ते कसे आधी गाठते, हेही ऐकले.

"तिनं कंदील टाकून द्याचा होता ना," त्या म्हणाल्या. "हात मोकळे झाले असते."

"टाकला असता त पुढच्याईले जिना दिसला नसता."

"हं." त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "अन् बाकीचे निंगाले?"

"निंगाले. तिघंबी."

"मंग बरं केलं मी," शेवंताबाई म्हणाल्या.

गजानन बोलायचा थांबला. पडद्यावर एक शेकोटी होती आणि तिच्याभोवती तीन छोट्या आकृत्या बसल्या होत्या. शेवंताबाईंनी डोळे बारीक करून त्यांची विचारपूस केली. ढालवाला किसन, औषधपाणी करणारी मंजुळा आणि कुलपे उघडणारा बंडू.

"हा बारका कायले आंग चोरून बसला?"

"बंडू. अंधाराले भेते तो."

"येवढं भेते त खाली कायले नेता त्याले?"

"कुलपं त्यालेच उघडता येते, मावशी."

"आता वापस जातीन काय हे खाली?"

"जावं लागते. भट्टी चालूच हाय."

"अन् मेला त वापस येत नाही म्हन्तोस."

"नाही येत."

शेवंताबाईंनी पदर सावरला. "मले सांगत जाय मंग. माह्या जिवावर निंगालेले लेकरं हायेत थे. बरं, वाईट, जे होईन थे सांग. खोटं सांगू नको. एकदा खोटं लिवलंस तेवढं पुरे."

जाताना गजानन तक्रारीच्या कागदाचे काय करायचे असे विचारू लागला. "कायची तक्रार?" त्या म्हणाल्या. "नाव माहं, गाव माहं. मेली नाही, येवढाच फरक हाय." तक्रार झाली नाही. स्तंभ साहेबांकडेच राहिला. खेळातल्या निधनवार्तांचा कप्पा त्यांनी फोल्डरमधून काढून वेगळा ठेवला.

त्यानंतर बोरीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी फोन येऊ लागला. गजाननच्या मोबाइलवरून. फोन कोणीही उचलला तरी पहिला प्रश्न तोच. "लेकरं बरी हायेत ना?"

साहेब खरे तेच सांगत. किसनचा खांदा दुखावला. "हळद लाव म्हना." मंजुळेच्या पिशवीतली औषधे संपत आली. "जपून वापर म्हना, दर वेळी हात सैल असते तिचा." बंडू? "भेते." या उत्तरावर त्या हसत आणि दर वेळी म्हणत, "भेतो थोच टिकते, बाप्पा."

पुढे सांगण्यासारखे काही उरेनासे झाले. साहेबांनी तिघांना खाली पाठवणे बंद केले होते. दुपारी ते कॉम्प्युटर उघडत. शेकोटी जळत असे, तिघे बसलेले असत. थोडा वेळ बघून ते बंद करत. चौथ्या जागेसाठी माणूस घेण्याची खेळात सोय होती. त्यांनी घेतला नाही. पूर्वी इतके जण गमावलेला हा माणूस आता एक जिना उतरायला तयार नव्हता.

बोरीला ते लपून राहिले नाही.

"लई दिवस झाले," शेवंताबाई म्हणाल्या, "कोनाले साधं खरचटलंबी नाही. बसवून ठेवलं काय त्याईले?"

"हो, मावशी."

"काहून?"

साहेबांनी कोपऱ्याकडे पाहिले. त्या फोनचा आवाज मोठा होता, समोर बसलेल्यांना सगळे ऐकू येई.

"भेतोस?"

"भेतो."

"अन् भट्टी?"

"जळून राह्यली."

"मंग मी कंदील धरून कायले मेलती तिथं?" त्या चिडल्या होत्या. "बसवून ठेवलेलं लेकरू कोनाच्या कामाचं? त्याईले काम पुरं करू दे. धाड."

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी दुपट्टा ओला केला, खांद्यावर टाकला आणि तिघांना खाली नेले. कंदील किसनच्या हातात दिला. किसन पुढे, मंजुळा मध्ये, बंडू मागे. सावकाश, रोज थोडे. भट्टीचा लाल उजेड भिंतींवर दिसू लागेल इथपर्यंत ते पोचले. कार्यालयातली माणसे चहा घेऊन मागे उभी राहू लागली. प्रमुखही. कोणी सल्ला दिला की साहेब हात वर करत.

बंडू गेला तो साध्या दुपारी. मागे त्या दिवशी कोणी उभे नव्हते. वैशालीताई तेवढ्या शेजारी होत्या. कुठला मोठा शत्रू नव्हता, लढाई नव्हती. एका दारात फास लावलेला होता. किसन आणि मंजुळा उजेडात होते, ते ओलांडून गेले. मागचा अंधारात होता. त्याला तो दिसला नाही.

साहेब उठले नाहीत. पडद्याकडे पाहत राहिले. नावाशेजारी दगड आला.

वैशालीताईंनी खुर्ची जवळ घेतली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, उठू नका. माझ्याकडे आहे."

त्या चुकीनंतर वैशालीताईंना एक सवय लागली होती. रोज सकाळी पानांच्या प्रती काढून ठेवताना त्या खेळाचीही प्रत काढून ठेवत. कोणाला सांगितले नव्हते. सकाळच्या प्रतीत तिघेही त्या दाराच्या अलीकडे होते.

"एक मिनिटाचं काम आहे. ती परत टाकली की झालं. बंडू जिवंत होईल. दाराशी फास आहे हे आता माहीत आहे आपल्याला." मग थांबून म्हणाल्या, "आजीला कोण सांगणार आहे? उद्या बाजार आहे बोरीचा."

साहेबांनी माउसवर हात ठेवला आणि काढला.

"बाई, तू पाह्यलं काय, तो गेला थे?"

"पाहिलं."

"मी बी पाह्यलं." त्यांनी चष्मा काढून दुपट्ट्याने पुसला. "एक तू अन् एक मी. दोघांनी सांगतलं. आता कसा वापस आनू त्याले?"

ते नळावर गेले. हातपाय धुतले. कडुलिंबाचा पाला घेतला. परत आले तेव्हा वैशालीताईंनी काही विचारले नाही. साहेबांनी बंडूच्या चार ओळी लिहिल्या. बाजाराच्या दिवसापर्यंत ते थांबले नाहीत. बोरीला स्वतः फोन लावला.

"मावशी, बंडू गेला."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"कसा?"

"काही मोठं नाही झालं. दारात फास होता. दिसला नाही त्याले."

"कंदील कोनापाशी होता?"

"किसनपाशी. पुढं."

"मंग मांगं अंधार असन."

"हो."

"मी मांगं होती तवा उजेड मांगून होता," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती. आपण एक माहिती देतो आहोत अशा सुरात म्हणाल्या. साहेबांनी मान हलवली, फोनवर ती कोणाला दिसणार नव्हती.

"तू होता ना तिथं?" त्यांनी विचारले.

"होतो."

"पाहत होता?"

"पाहत होतो."

"मंग एकटा नाही गेला. भेत होता, पन एकटा नाही गेला." त्या खाकरल्या. "आता बाकीचे दोघं?"

"दोघाईनं भट्टी विझत नाही, मावशी. कुलपं कोनाले उघडता येत नाही."

"मंग बसू दे आता त्याईले शेकोटीपाशी. मीच धाड म्हनलं होतं, मीच म्हनून राह्यली, बसू दे. मानसाचं काम उरतेच काही ना काही."

साहेबांनी दोघांना वर आणले. तेरवीच्या दिवशी बोरीवरून येणाऱ्या दुपारच्या दारव्हा गाडीच्या कंडक्टरने कार्यालयात एक डबा आणून दिला. वडे आणि पुऱ्या होत्या. पाठोपाठ गजाननचा फोन आला. "साहेब, मायनं सकाळी कावळ्याले घास ठेवला. मी म्हटलं कोनाचा, त म्हन्ते बंडूचा. आमच्या साऱ्या खानदानात कोनी बंडू नाही. शेजारी विचारून राह्यले, काय सांगू?"

"नातलग होता म्हना," साहेब म्हणाले. "दूरचा."

फोन मात्र बंद झाले नाहीत. बाजाराच्या दिवशी येत राहिले. "दोघं बरी हायेत ना?" साहेब कॉम्प्युटर उघडून पाहत आणि मगच सांगत. न पाहता कधी सांगितले नाही.

पुढच्या वर्षी तूर घरी आल्यानंतर एक बाजार फोनशिवाय गेला. त्यानंतरच्या संध्याकाळी, चारनंतर, फोन वाजला. साहेबांनी उचलला. पलीकडे गजानन होता. साहेबांनी कागद पुढे ओढला आणि नेहमीचे प्रश्न विचारले. वय. वेळ. आजार. अंत्यविधी कुठे झाला. मागे कोण. आवाज रोजच्यासारखाच होता. लिहून झाल्यावर त्यांनी बोरीच्या पोलीस पाटलांना फोन लावला आणि त्यांनाही विचारले. मग फोन ठेवला.

ते कोपऱ्यात गेले, कॉम्प्युटर उघडला आणि वैशालीताईंना हाक मारली. शेकोटी जळत होती. किसन आणि मंजुळा बसलेले होते.

"किती हायेत?"

"दोघं," वैशालीताई म्हणाल्या.

ते जागेवर येऊन लिहू लागले. दुसऱ्या दिवशी छापून आले ते असे :

'बोरी अरब : येथील शेवंताबाई वानखडे (वय ७८) यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात मुलगा, सून, मुलगी, जावई, नातवंडे व दोन सोबती असा परिवार आहे.'

त्या संध्याकाळी पान नागपूरला गेल्यावर तिथल्या उपसंपादकाचा फोन आला होता. तो नवा होता, बोरीच्या बाई त्याला माहीत नव्हत्या. नाव तपासले का, असे त्याने विचारले. तपासले, असे साहेब म्हणाले. मग त्याने विचारले, हे दोन सोबती कोण? परिवारात सोबती कसे? काढून टाकू का?

साहेबांच्या तोंडात कडुलिंबाचा पाला होता. तो त्यांनी गिळला.

"राहू द्या," ते म्हणाले. "दोन ठिकाणी विचारलं हाय."